फिल्म न्वार
फिल्म न्वार : गडद छायाप्रकाश, रात्रीचे शहर व नैतिक संदिग्धता ही लक्षणे असलेली रहस्यपटांची शैली. ‘न्वार’ म्हणजे फ्रेंचमध्ये काळा. हॉलिवुडमध्ये ती १९४० नंतर बहरली. मुंबईत गुरुदत्त यांच्या बाजी (१९५१) व राज खोसला यांच्या सी. आय. डी. (१९५६) या हिंदी चित्रपटांनी ती रुजविली. दोहोंतही खरा गुन्हेगार समाजातील प्रतिष्ठित धनिक निघतो, सी. आय. डी.मध्ये तर तपास करणारा पोलीस अधिकारीच आरोपी ठरून फरारी होतो. दक्षिण मुंबईचे उजळ रस्ते आणि बंगल्यांतील अंधार यांचा विरोध सी. आय. डी.मधील व्ही. के. मूर्ती यांच्या छायाचित्रणात ठसठशीत दिसतो. एल. ए. न्वार (२०११) या व्हिडिओ खेळाने १९४७ चे लॉस अँजेल्स याच शैलीत उभे केले. तेथेही भ्रष्टाचाराचे मूळ प्रतिष्ठितांतच सापडते. मात्र साक्षीदाराच्या चेहऱ्यावरून खरेखोटे ठरविण्याचे दायित्व खेळाडूवर येते.