जबड्यातला ‘टक्’ आवाज आणि एक सिनॉप्सिस

गेल्या आठवड्यात अंबरनाथच्या एका ज्युनिअरने मला तिच्या सिनॉप्सिसचा कच्चा मसुदा पाठवला. कल्पना सरळ होती. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या कॉलेजांत शिबिरं घ्यायची. तोंड उघडताना ज्यांच्या जबड्यात ‘टक्’ असा आवाज येतो, ती मुलं शोधायची. त्यांना तीन महिने स्प्लिंट, म्हणजे दातांवर बसवायचा प्लॅस्टिकचा साचा, वापरायला द्यायचा. शेवटी कितीजणांचा आवाज थांबला ते मोजायचं.

मी तिला म्हटलं, “तुझा स्प्लिंट या अभ्यासात पास होणार, हे मी आत्ताच सांगते. तो उपयोगी असो वा नसो.” असं का म्हटलं, ते तुमच्यापैकी अनेकांच्या कामी येईल म्हणून इथे लिहितेय.

आधी आवाज कुठून येतो ते बघू. कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडा. बोटाखाली जे हलतं ते खालच्या जबड्याचं गोलसर टोक. तोंड उघडताना हे टोक आधी जागेवर फिरतं आणि मग पुढे सरकतं. टोक आणि कवटीचा खळगा यांच्यामध्ये एक पातळ चकती असते. ही चकती पुढे सरकलेली असेल, तर तोंड उघडताना टोक तिच्या जाड कडेवरून उडी मारून तिच्याखाली जातं. तेव्हा ‘टक्’ होतं. मिटताना टोक परत निसटतं आणि बऱ्याचदा दुसरा, हलका आवाज येतो.

आता प्रश्न असा, की हा आवाज म्हणजे पुढच्या बिघाडाची सुरुवात असते का? फिनलंडमधल्या १२८ मुलामुलींना १४, १५, १८ आणि २३ या वयांत तपासलं गेलं. हा अभ्यास १९९६ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. आवाज येणाऱ्यांचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ३४ टक्क्यांवर गेलं, पण तो येत-जात राहिला. सगळ्या तपासण्यांत सातत्याने आवाज सापडलेले फक्त २ टक्के होते. जबडा अडकल्याची तक्रार एकानेही केली नाही.

म्हणजे आज आवाज आहे म्हणून निवडलेल्या मुलांपैकी काहींचा आवाज तीन महिन्यांत आपोआप जाणारच. कंट्रोल ग्रुप नसेल तर त्याचं सगळं श्रेय स्प्लिंटला मिळेल.

दुसरा सापळा उपचाराच्या नाटकाचा. १९७६ मध्ये गुडमन, ग्रीन आणि लॅस्किन यांनी चावण्याच्या स्नायूंचं दुखणं असलेल्या २५ रुग्णांचे दात घासून जुळवल्याचं नुसतं नाटक केलं. प्रत्यक्षात दात घासलेच नाहीत. तरी १६ जणांनी दुखणं पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेल्याचं सांगितलं. हा अभ्यास दुखण्याचा होता, आवाजाचा नव्हे. पण धडा तोच: “बरं वाटलं” एवढ्यावरून उपचार सिद्ध होत नाही.

तिसरा मुद्दा मोजमापाचा. या विकारांच्या निदानासाठी २०१४ पासून डीसी/टीएमडी हे निकष वापरले जातात. त्यांनुसार चकती सरकून परत जागेवर येण्याचं निदान नुसत्या हाताने तपासून केलं, तर संवेदनशीलता ०.३४ आणि विशिष्टता ०.९२ आहे. सोप्या भाषेत, एमआरआयवर चकती सरकलेली दिसणाऱ्या १०० सांध्यांपैकी साधारण ३४ आपल्याला शिबिरात सापडतील. म्हणून सिनॉप्सिसमध्ये “चकती सरकल्याचं प्रमाण” लिहू नका. “तपासणीत आवाज आढळल्याचं प्रमाण” लिहा. तुम्ही तेवढंच मोजताय.

मग उपचार कोणाला? दुखत नाही, अडकत नाही, तोंड नीट उघडतं, अशा मुलाला सहसा समजावून सांगणं पुरतं: जांभई देताना जबडा फार ताणू नकोस, दातावर दात दाबून बसू नकोस. दुखणं जुनं असेल तर २०२३ च्या बीएमजेमधल्या शिफारशी बघा. त्या देखरेखीखालचे जबड्याचे व्यायाम आणि मानसोपचाराच्या बोलण्यावर आधारित पद्धती यांच्या बाजूने आहेत. काढता येणाऱ्या स्प्लिंटच्याही त्या सौम्यपणे विरोधात आहेत.

आणि एक उलटी गोष्ट. आवाज बंद होणं नेहमी चांगलं नसतं. चकती पुढेच अडकून बसली तर ‘टक्’ थांबतो, पण तोंडही कमी उघडतं. ज्युनिअरच्या मसुद्यात असा रुग्ण ‘बरा झाला’ म्हणून मोजला गेला असता! त्यामुळे प्रत्येक भेटीत पट्टीने तोंडाची उघड मोजा. ती ४० मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर पुढे तपासायला पाठवा. आपल्या भागात सुपारी-गुटख्याबद्दलही विचारा, कारण त्याने गाल आतून ताठ होऊनही तोंड उघडेनासं होतं. तो आजार वेगळा आणि जास्त गंभीर आहे.

शेवटी तिला एवढंच म्हटलं: शिबिरात धडधाकट आलेला पोरगा घरी रुग्ण होऊन जाऊ नये. आता तिने फक्त दुखणं असलेले रुग्ण घ्यायचं आणि चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचं ठरवलंय. रुग्ण कमी मिळतील, वर्षभर जास्त लागेल. पण जे उत्तर येईल ते खरं असण्याची शक्यता तरी राहील.