संपाचा मुहूर्त

अमेरिकेत रुग्णालयाच्या कामगारांना मनात आलं म्हणून संप करता येत नाही. निदान दहा दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते, आणि तीत नुसती तारीख लिहून भागत नाही, वेळही लिहावी लागते. लग्नपत्रिकेत छापतात तसा मुहूर्तच म्हणा ना. तो टळला तर? मिनेसोटातल्या एका क्लिनिकच्या नर्सेसनी 1999 साली नोटिशीत सकाळी आठची वेळ दिली आणि काम थांबवलं दुपारी बाराला. मालकाने 22 जणांना काढून टाकलं. कामगार संबंध मंडळाने आणि पुढे 2005 मध्ये अपील न्यायालयानेही ते योग्य ठरवलं. म्हणजे ठरल्यापेक्षा चार तास जास्त काम केलं म्हणून नोकरी गेली! मला हा निकाल अजूनही पचत नाही, पण त्यामागचं तर्कशास्त्र मात्र थक्क करतं.

हा नियम आला 1974 साली. त्याआधी, 1947 पासून, धर्मादाय रुग्णालयांना कामगार कायद्यातून वगळलेलंच होतं. तिथल्या कामगारांशी बोलणी करायला मालक बांधील नव्हते. न्यूयॉर्कमध्ये 1959 साली सात रुग्णालयांतले सफाईवाले, स्वयंपाकी, वॉर्डबॉय 46 दिवस संपावर गेले. कायदा पाठीशी नव्हताच. 1974 च्या दुरुस्तीने या लोकांना वाटाघाटींचा हक्क दिला आणि त्याची किंमत म्हणून हे दहा दिवस मागून घेतले.

कारण उघड आहे. कापड गिरणी बंद पडली तर कापड विणायचं राहतं. इथे खाटेवर माणूस असतो. वाटाघाटींच्या टेबलाच्या एका बाजूला व्यवस्थापन, दुसऱ्या बाजूला युनियन, आणि ज्याच्यावर सगळ्याचा परिणाम होणार तो रुग्ण त्या खोलीतच नसतो. त्याच्या वाट्याला कायद्याने दहा दिवस राखून ठेवले.

या दहा दिवसांत काय काय घडतं ते 2022 च्या अखेरीस न्यूयॉर्कने पाहिलं. 31 डिसेंबरला नर्सेसचे करार संपत होते. आदल्या दिवशी युनियनने शहरातल्या अनेक खासगी रुग्णालयांना नोटिसा दिल्या: 9 जानेवारी, सकाळी सहा. आणि मग एकेक रुग्णालय करार करू लागलं. पगारवाढीचा आकडा एका ठिकाणी ठरला की तोच पुढे सरकत गेला. तीन वर्षांत अनुक्रमे 7, 6 आणि 5 टक्के. बेरीज 18 होते, पण प्रत्येक वाढ आधीच्या वाढलेल्या पगारावर मिळते, म्हणून सगळीकडे 19.1 टक्के असं छापून आलं.

हाच आकडा माउंट सिनाय आणि माँटेफिओर या दोन रुग्णालयांनीही देऊ केला होता. तरी तिथे जमेना. पैशावर एकमत, आणि भांडण उरलं ते एका नर्सकडे किती रुग्ण, यावर. तिकडे घड्याळ चालूच. माउंट सिनायने अतिदक्षता विभागातली तान्ही बाळं दुसऱ्या रुग्णालयांत हलवायला सुरुवात केली, शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या, रुग्णवाहिका दुसरीकडे वळवल्या, एजन्सीमार्फत तात्पुरत्या नर्सेस आणल्या. यातलं प्रत्येक पाऊल रुग्णाला वाचवणारं. त्याचबरोबर रुग्णालयाच्या खर्चाची बाजू फुगवणारं आणि उत्पन्नाची आटवणारं. म्हणजे संपाचं बळ संप सुरू होण्याआधीच काम करू लागतं. (युनियनवाले हे पक्कं जाणून असतात, व्यवस्थापनही जाणतं, फक्त कबूल करत नाही.)

9 तारखेला सकाळी सहाला सात हजारांहून जास्त नर्सेस रस्त्यावर आल्या. 12 तारखेच्या पहाटे दोन्हीकडे समझोता झाला.

आणि त्यात जे मिळालं ते मला पगारवाढीपेक्षा फार मोठं वाटतं. कमी माणसांत पाळी चालवली, तर प्रकरण लवादापुढे नेता येईल आणि लवाद रुग्णालयाला पैसे भरायला लावू शकेल. तोवर वॉर्डात दोन नर्सेस कमी आल्या की उरलेल्या धावपळ करायच्या आणि न आलेल्यांचा पगार रुग्णालयाच्या खिशात राहायचा. गैरहजर माणसाचाही हिशेब मांडायची सोय आता करारात आली होती.

ती कागदावर राहिली नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लवादाने माउंट सिनायला सुमारे 1 लाख 27 हजार डॉलर भरायला सांगितले. ते मिळाले नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात अपुऱ्या मनुष्यबळावर पाळ्या काढलेल्या नर्सेसना.