पदवी मैदानावरची, धडा दरीकाठचा

मेळघाटातल्या चिखलदऱ्याची उंची सुमारे 1,118 मीटर. जुलैत पंचबोल पॉइंटवर धुकं असं उतरतं, की कठडा हाताला लागल्यावरच कळतो. चाळीस पोरांची सहल सोबत असेल, तर थांबायचं की माघारी फिरायचं? काही परदेशी विद्यापीठांत अशा निर्णयाचं रीतसर शिक्षण मिळतं. गटाचं नेतृत्व, प्रथमोपचार, निसर्गशिक्षण आणि एखादी जागा किती माणसांचा भार सोसेल याचं गणित, सगळं एकाच पदवीत.

आपल्याकडे ते तुकड्यातुकड्यांनी जमवावं लागतं. शारीरिक शिक्षणासाठी अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, 1914 सालचं. त्याच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी व्यायामप्रकार करून दाखवले होते. गिर्यारोहणासाठी मात्र उत्तरकाशीची नेहरू संस्था (1965) गाठायची. तिथला पायाभूत अभ्यासक्रम 28 दिवसांचा.

जंगल तर दारातच आहे. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, मेळघाट. सांबराचा इशारा कानी पडताच कोरकू वाटाड्या नुसता हात वर करतो आणि मागची रांग जागीच थबकते. हे कसब अशा पदवीच्या अभ्यासक्रमात यायलाच हवं, आणि शिकवायला त्यालाच मानाने बोलवायला हवं.