तळहातापेक्षा लहान

रमजानचे शेवटचे दहा दिवस इबादतीचे, एतिकाफचे, शब-ए-कद्रच्या जागरणाचे. शिंप्याच्या घरात त्या जागरणाला मशीनचाही आवाज असतो. सोलापुरातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत अब्बांचं दुकान होतं. पंधराव्या रोज्याला दारावर ‘ईदच्या ऑर्डरी बंद’ अशी पाटी लागायची आणि सोळाव्या रोज्याला शेजारची कुणी खाला ‘फक्त एक सलवार, भाईजान’ म्हणत कापड ठेवून जायची. मग तरावीहची नमाज पढून आलेले अब्बा आणि दोन कारागीर थेट सहरीपर्यंत मशीनवर.

सकाळी दुकान झाडायचं काम माझ्याकडे. झाडूपुढे रंगांचा ढीग जमायचा. पॉपलीनच्या चिंध्या, अस्तराचे निमुळते तुकडे, साटीनच्या पट्ट्या. गळा कापताना निघणारे अर्धचंद्र मला सगळ्यांत आवडायचे. हे सगळं कातरण नानीकडे जायचं आणि त्यातून ती दाराचं कडं शिवायची.

कडं म्हणजे गोल तोरणच म्हणा. नाताळात ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या दारावर हिरवं चक्र दिसतं, तसा आकार. जाळी फाटलेल्या पिठाच्या चाळणीची पत्र्याची कड तिने जपून ठेवली होती. तिच्यावर कातरणाच्या चुण्या, वर गळ्याच्या तुकड्याचा चांद आणि खालच्या कमानीत झोक्यावर बसल्यासारखी एक चिंध्यांची बाहुली. रमजानचा चांद दिसला की कडं दारावर आणि ईदनंतर पेटीत. दरवर्षी पत्रा तोच, कापड नवं. ही काही धार्मिक प्रथा नव्हे. नानीची हौस होती, एवढंच.

या हौसेला अब्बांचा एक नियम होता. तळहातापेक्षा मोठा उरलेला तुकडा गिऱ्हाइकाचा. तो गुंडाळून शिवलेल्या कपड्याच्या घडीत परत जायचा. तळहातापेक्षा लहान असेल तेच कातरण. शिंपी कापड मारतो, असं लोक बोलतातच, आणि अब्बांना ते फार लागायचं. मापात मारणाऱ्यांना इशारा देणारी ‘अल-मुतफ्फिफीन’ नावाची एक सूरह कुरआनात आहे, ती ते कारागिरांना समजावून सांगत. ‘कापड आपल्याकडे अमानत आहे,’ म्हणायचे. अमानत म्हणजे विश्वासाने ठेवायला दिलेली दुसऱ्याची वस्तू.

मी दहा वर्षांची असताना एका बाईंच्या शराऱ्याचं हिरवं ब्रोकेड उरलं. तुकडा दोन तळहातांएवढा. त्या वर्षी बाहुलीला ओढणी नव्हती. मी कात्री घेतली आणि तुकड्याचे मधोमध दोन भाग केले. आता दोन्ही तळहातापेक्षा लहान होते! नियम मोडला नाही, असं स्वतःला पटवून एक तुकडा बाहुलीच्या डोक्यावर शिवला आणि दुसरा पुढच्या वर्षासाठी लपवला.

तिसऱ्या दिवशी अब्बांनी कडं पाहिलं. ओरडले नाहीत. कडं खिळ्यावरून काढून माझ्या हातात दिलं, दुसरा तुकडा मागून घेतला आणि म्हणाले, ‘चल.’ जोहरनंतरचं ऊन, तोंडाला रोजा आणि हातात ते भलंमोठं कडं. त्या बाई हसून सोडून देतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी दोन्ही तुकडे जोडून पाहिले आणि एवढंच म्हणाल्या, ‘यातून मुन्नाची ईदची टोपी करायची होती.’

अब्बांनी टोपी शिवून दिली. मधल्या जोडावरून जरीची लेस फिरवली, रात्री, बाकीची सगळी कामं संपल्यावर. ईदगाहच्या वाटेवर मुन्नाला त्या टोपीत पाहून मी रस्ता बदलला. बाहुली त्या रमजानभर ओढणीविना दारावर बसली. नानीला एक चिंधी घालता आली असती. तिने घातली नाही.

यंदा त्या चाळणीची कड मी पुन्हा बाहेर काढली, कारण सात वर्षांच्या नातीने मोबाइलवर असलंच काहीतरी पाहिलं आणि विकत मागितलं. म्हटलं, शिवू या. भावाचा मुलगा आता दुकान चालवतो. त्याच्याकडून पिशवीभर कातरण आलं.

बारा इंच व्यासाच्या कडीचा घेर भरतो सुमारे अडतीस इंच. चुण्या पडायच्या तर पट्टी दुप्पट लांब हवी, म्हणजे पंच्याहत्तर इंच. चार इंचांचे चौकोन पाव इंच दाब ठेवून जोडत गेलो की एकवीस-बावीस तुकड्यांत ती होते. शेजारीशेजारी दोन साटीन घेऊ नयेत, सुईखाली सरकतात. मध्ये एक सुती तुकडा घातला की शिवण सरळ येते. जॉर्जेटचे धागे सुटतात, म्हणून ते आतल्या भरणीला. पट्टी कडीवर गुंडाळायची, आत बारीक चिंध्या भरायच्या आणि आतल्या बाजूने हाताने टाके घालत चुण्या सारख्या करायच्या. मशीन इथे कामाची नाही. घाईही नाही, कारण पत्र्याची धार बोट कापते. आधी तिच्यावर जुन्या चादरीची पट्टी गुंडाळून घ्यावी, हे मला बोट कापल्यावर आठवलं.

बाहुली सात इंचांची, पांढऱ्या पॉपलीनची. कापड दुहेरी करून आकार कापायचा, कडेने शिवताना दोन बोटं जागा मोकळी सोडायची, पेन्सिलीच्या बोथट टोकाने उलटवून भरायची. मान सैल राहिली तर डोकं लटकतं, म्हणून तिथे चिंधीची घट्ट वात आधी सारायची.

‘डोळे कधी काढायचे?’ नातीने विचारलं. आमच्या बाहुलीला नानीपासूनच चेहरा नाही. घरात चित्रं-मूर्ती असू नयेत, यावर कटाक्ष असणारे नातेवाईक सगळ्यांकडे असतात, आमच्याकडेही आहेत. मुलांच्या खेळण्यातल्या बाहुल्यांना मात्र बरेच उलेमा सवलत देतात आणि आधार हजरत आयशा (रजि.) यांचा देतात. त्यांच्या बाहुल्यांत चिंध्यांचे दोन पंख लावलेला एक घोडा होता. घोड्याला पंख? असं प्रेषितांनी (स.) विचारलं, तेव्हा त्यांनी उलट विचारलं, सुलैमान यांच्या घोड्यांना पंख होते हे आपण ऐकलं नाही का? प्रेषित (स.) दाढा दिसेपर्यंत हसले, असं अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात आहे. चिंध्यांना एवढं मोठं मनोरंजन क्वचितच जमलं असेल.

पण मला अधिक जवळची वाटते ती बुखारीतली रुबय्यि बिन्त मुअव्विज यांची आठवण. मदिनेत आशूराच्या रोज्याला त्या आपल्या मुलांनाही रोजा ठेवायला लावत. मुलांसाठी लोकरीचं खेळणं करून ठेवत. मूल भुकेने रडू लागलं की ते त्याच्या हातात द्यायचं, इफ्तारची वेळ होईपर्यंत. तिथल्या आयांनाही दिवसाचा तो शेवटचा तास माहीत होता तर!

नातीचा पहिला रोजा परवा झाला. दुपारपर्यंत ऐट होती. असरनंतर ती माझ्या मांडीवर येऊन पडली आणि ओठ काढला. मी तिला सांगितलं होतं, नाही झालं तर सोड, तुझ्यावर अजून रोजा फर्ज नाही. तिने मान हलवली. मग बाहुली दिली. अजून ओढणीविना होती.

ती उठली, पिशवी उपडी केली आणि शोधू लागली. एक निळा तुकडा निघाला, चमकदार, काठाला चंदेरी रेघ. तिने तो आपल्या तळहातावर पसरला. तिन्ही बाजूंनी बाहेर आला.

‘दादीअम्मा, तळहात कुणाचा धरायचा?’

अब्बांचा तळहात रुंद होता, कात्रीने घट्टे पडलेला. मी माझा पुढे केला. त्यावरही तुकडा बोटभर बाहेर आला. तिने तो घडी करून बाजूला ठेवला, काकाच्या दुकानात परत द्यायला, आणि पुन्हा पिशवीत हात घातला. मगरिबच्या अजानला अजून चाळीस मिनिटं होती.