दुधाच्या दातांची कीड : अल्पहस्तक्षेपी उपचार व भरणाचा टिकाऊपणा

प्रस्तावना

दुधाचे दात पडणारच, मग त्यांवर खर्च कशाला, असे पालक सहज म्हणतात. वस्तुतः दुधाची दुसरी दाढ साधारणतः दहा ते बारा वर्षे वयापर्यंत मुखात असते. ती पाचव्या वर्षीच किडली, तर पुढील पाच-सहा वर्षे बालकाने चावायचे कशाने? प्रस्तुत लेखात ड्रिल न वापरता कीड काढण्याच्या पद्धती व त्यानंतर भरलेल्या सिमेंटचा टिकाऊपणा यांचा विचार केला आहे.

उपचाराचे स्वरूप

किडलेल्या डेंटिनचे दोन थर असतात. वरचा थर मऊ व जंतूंनी भरलेला असून तो वाचविता येत नाही. आतल्या थरातील क्षार तेवढे कमी झालेले असतात. दात नीट बंद केल्यास तो पुन्हा कठीण होऊ शकतो. म्हणून वरचा थर काढावा व आतला राखावा, हे या उपचाराचे मूलतत्त्व होय. १९८० च्या दशकात टांझानियात चमच्याच्या आकाराच्या लहान हत्याराने कीड खरवडून ग्लास आयनोमर सिमेंट भरण्याची 'एआरटी' पद्धत विकसित झाली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये तिचा पुरस्कार केला. या पद्धतीस वीज लागत नाही, शाळेच्या व्हरांड्यातही उपचार होऊ शकतो. पपईतील पपेनयुक्त जेलने कीड मऊ करून काढण्याची पद्धत २००३ मध्ये ब्राझीलमध्ये पुढे आली. तिला वेळ अधिक लागतो, परंतु मूल कमी घाबरते. (अंगणातील पपईचा चीक दातात घालणे हा तिचा पर्याय नव्हे.)

टिकाऊपणाचा प्रश्न

कीड कशाने काढली, यापेक्षा खड्डा कोठे आहे, यावर भरणाचे आयुष्य अधिक अवलंबून असते. एआरटीविषयक अभ्यासांच्या एकत्रित निष्कर्षांनुसार दाढेच्या एकाच पृष्ठभागावरील भरणांपैकी शेकडा नव्वदांहून अधिक दोन वर्षे टिकतात. खड्डा दोन दाढांच्या मधल्या बाजूस पोहोचला की हे प्रमाण साठ-पासष्टाच्या आसपास येते. तेथे सिमेंटला चारही बाजूंचा आधार नसतो, चावण्याचा भार थेट कडेवर येतो आणि लाळ-रक्ताने जागा ओली होते. ओल्या जागी सिमेंट दाताला नीट चिकटत नाही.

वर्धा जिल्ह्यात हा फरक विशेष महत्त्वाचा ठरतो. सावंगी (मेघे) येथे शरद पवार दंत महाविद्यालय आहे. परंतु आष्टी-कारंजाकडील मजूर पालकास मुलाला तेथे नेणे म्हणजे दिवसाची मजुरी बुडविणे. कापूस वेचणीच्या दिवसांत तर तेही शक्य होत नाही. भरण निघाले की हाच खर्च पुन्हा. त्यामुळे खड्डा एका पृष्ठभागापुरता असतानाच अंगणवाडीत वा शाळेत तो ओळखला जाणे, हे सिमेंटच्या दर्जाइतकेच निर्णायक आहे.

दोन पृष्ठभाग किडलेल्या दाढेसाठी स्टीलची टोपी अधिक भरवशाची. स्कॉटलंडमधील डॉ. नॉर्ना हॉल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत कीड न काढताच अशी टोपी घट्ट बसवितात. आत कोंडलेल्या जंतूंना अन्न मिळत नाही व कीड थांबते. दाढेला आधीच ठणका वा पू असल्यास मात्र ही पद्धत चालत नाही. टोपीचा चंदेरी रंग काही पालकांना खटकतो, परंतु ती दाढेबरोबरच गळून पडते.