सर्वांत उजवीकडील एक

७,२०० या संख्येच्या शेवटीं किती शून्यें आहेत, हें सांगावयास लहान मुलासहि विचार करावा लागत नाहीं. परंतु संगणकास डोळे नाहींत. त्यास असलें उत्तर गणितानेंच काढावें लागतें. तें तो कोणत्या युक्तीनें काढतो, हें आम्ही आमच्या वाचकांस येथें थोडक्यांत सांगणार आहों.

संगणक सर्व संख्या ० आणि १ या दोनच अंकांनीं लिहितो. आपल्या पद्धतींत एकं, दहं, शतं अशीं घरें असतात; त्याच्या पद्धतींत उजवीकडून १, २, ४, ८, १६, ३२ अशीं दुपटीनें वाढणारीं घरें असतात. प्रत्येक घरांतील अंकास बिट म्हणतात. ४० म्हणजे ३२ अधिक ८. म्हणून आठ घरांत ही संख्या ००१०१००० अशी लिहिली जाते. उजवीकडून पाहूं लागल्यास पहिला १ आठाच्या घरांत भेटतो. हा १ शोधून काढणें, हाच आपला प्रश्न होय.

एकेक घर तपासीत जाणें हा सरळ मार्ग खरा. पण संख्या ६४ घरांची असल्यास तो फार लांबतो. डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत जी 'सी' भाषा रचली, तींत हेंच काम एवढ्या लहानशा पदावलीनें होतें: क्ष & -क्ष.

येथें & या चिन्हाचा अर्थ असा कीं, दोन्ही संख्यांच्या ज्या घरांत १ असेल त्याच घरांत १ ठेवावा, इतरत्र ०. ऋणसंख्या करण्याची रीतहि सोपी आहे: प्रत्येक अंक उलटा करावा आणि मग १ मिळवावा. ४० चे अंक उलटे केले असतां ११०१०१११ होतात. १ मिळवितांच शेवटच्या तिन्ही एकांतून हातचा पुढें सरकतो, ९९९ मध्यें १ मिळविल्यावर सरकतो तसाच, आणि जें पहिलें शून्य भेटेल तेथें थांबतो. तें शून्य म्हणजेच आपल्या शोधाचें घर! उत्तर ११०११००० येतें. त्या घराच्या डावीकडील सर्व अंक मूळ संख्येच्या उलट राहिले. उजवीकडे दोहोंतहि शून्येंच आहेत. १ जुळतो तो त्या एकाच घरांत. म्हणून & केल्यावर ००००१०००, म्हणजे ८, उरतात.

याचीच बहीण शोभेल अशी दुसरी युक्ति क्ष & (क्ष - १) ही होय. ती तो १ पुसून टाकते: ४० व ३९ यांवर & केलें असतां ३२ उरतात.

या दोन युक्तींचा उपयोग बुद्धिबळ खेळणाऱ्या आज्ञावलींत दिसतो. पटाचीं घरें ६४ आणि मोठ्या पूर्णांकाचे बिटहि ६४. म्हणून मोहरें असलेल्या घरीं १ लिहितां येतो. डावाच्या आरंभीं पांढऱ्याचीं १६ मोहरीं असतात. सर्वांत उजवीकडील १ घ्यावा, त्या मोहऱ्याचा विचार करावा, तो १ पुसावा, असें केल्यास ६४ नव्हे, १६ फेऱ्यांतच काम संपतें.

दोन गोष्टींविषयीं मात्र सावध असावें. पहिली, शून्यांत एकहि १ नाहीं. ज्याची आज्ञावली १ भेटेपर्यंत पुढें जाते, त्यानें शून्याची चौकशी आधीं न केल्यास ती कधींच थांबणार नाहीं. दुसरी, हें गणित चिन्हविरहित पूर्णांकांवर करावें. कारण चिन्हयुक्त पूर्णांकांतील सर्वांत लहान ऋणसंख्येची धनसंख्या त्याच घरांत मावत नाहीं, व परिणामाची हमी राहत नाहीं.

वाचकांनीं ४४, ९६ आणि ७ या संख्या कागदावर घेऊन पाहाव्या. ४, ३२ आणि १ हीं उत्तरें आल्यास युक्ति समजली असें खुशाल मानावें. आणि हातचा कोठें थांबला हें ज्यास सांगतां आलें, त्यास ती पाठ करण्याची गरज पडणार नाहीं.