सुताचा कर आणि मागाची मजुरी

कराचा विषय निघाला की आपल्या मोहल्ल्यातला यंत्रमाग कामगार हसतो. "आम्हांला कसला टॅक्स? तो सेठ लोकांना," असे तो म्हणतो. प्राप्तिकरापुरते त्याचे म्हणणे बरोबर आहे. 2025-26 या वर्षापासून नव्या पद्धतीत वर्षाला 12 लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर कर भरावा लागत नाही, आणि मागावर बारा तास उभा राहणारा माणूस त्या आकड्याच्या आसपासही नसतो. तरीही तो कर भरतो. एकदा किराणा दुकानात, आणि दुसऱ्यांदा, त्याला कळतही नाही अशा रीतीने, आपल्या मजुरीत.

किराणा दुकानातला कर समजायला सोपा आहे. साबण, टूथपेस्ट, डोक्याचे तेल, बिस्किटे यांवर 18 टक्के जीएसटी होता. तो 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्क्यांवर आला, हे चांगलेच झाले. मोबाईलच्या रिचार्जवर मात्र 18 टक्के कायम आहेत. जकातीला निसाबाची मर्यादा असते. निसाबाखालच्या माणसावर ती येत नाही आणि कारागिराची हत्यारेही त्या हिशोबात धरत नाहीत. साबणाच्या वडीवरचा कर असे काही पाहत नाही. सेठ आणि मजूर दोघांनाही तो सारखाच.

दुसरा कर समजून घ्यायला थोडे मागे जावे लागेल. 1957 साली कापड, साखर आणि तंबाखू यांवरील विक्रीकराच्या जागी केंद्राने जादा उत्पादन शुल्क आणले. त्यामुळे मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या छोट्या कारखानदाराचा विक्रीकराच्या कचेरीशी साठ वर्षे फारसा संबंध आला नाही. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला आणि कापडावर 5 टक्के कर बसला. सुरतेच्या कापड बाजाराने त्या महिन्यात दुकाने बंद ठेवली ती यामुळेच. सुती धाग्यावरही 5 टक्केच होते, म्हणून सुती माल विणणाऱ्याचे गणित निदान कागदावर तरी जुळले. पॉलिस्टर, व्हिस्कोसच्या सुतावर मात्र आधी 18 आणि ऑक्टोबर 2017 पासून 12 टक्के कर होता.

याचा अर्थ हिशोब मांडून पाहू. समजा, कारखानदाराने एक लाखाचे पॉलिस्टर सूत घेतले. 12 टक्क्यांनी 12 हजार कर सुताबरोबरच गेला. त्याचे कापड 1 लाख 40 हजारांना विकले, त्यावर 5 टक्क्यांनी 7 हजार कर मिळाला. म्हणजे 5 हजार रुपये सरकारकडे अडकले. पहिले वर्षभर कापडवाल्यांना हा परतावा मागण्याची सोयच नव्हती, ती ऑगस्ट 2018 पासून मिळाली. पण अर्ज, विवरणपत्रे, हिशोबनीसाची फी हे सगळे चार-आठ मागांच्या कारखानदाराला परवडत नाही. मग अडकलेला पैसा तो कोठून काढणार? सुताचा भाव व्यापारी ठरवतो, कापडाचा भाव बाजार ठरवतो, विजेचे बिल कमी होत नाही. त्याच्या हातात एकच दर उरतो, तो मीटरमागे द्यायच्या मजुरीचा. सुताच्या बिलावर कर छापलेला दिसतो. मजुरीत तो छापलेला नसतो, एवढाच काय तो फरक.

22 सप्टेंबर 2025 पासून या सुतावरचा करही 5 टक्के झाला आहे. वरच्या उदाहरणात आता सुतावर 5 हजार जातात, कापडावर 7 हजार मिळतात, आणि कारखानदाराने 2 हजार भरले की हिशोब पुरा. अडकणारे 5 हजार मोकळे झाले. ते व्यापाऱ्याने भाव पाडून घेतले, कारखानदाराने ठेवले, की मजुरीचा दर वाढला, हे प्रत्येकाने आपल्या कारखान्यात पाहावे. आमचा अंदाज असा की ज्याला थांबणे परवडते त्याच्याकडेच हा पैसा सरकतो, आणि मजुराला एक आठवडाही थांबता येत नाही.

सुती मालातही एक अडचण राहतेच, ती उधारीची. माल तीन महिन्यांच्या उधारीवर जातो, पण त्यावरचा कर पुढच्याच महिन्यात भरायचा असतो. पैसे हातात आले नाहीत तरी कर चुकत नाही, आणि ओढाताण झाली की मजुरी पुढे ढकलली जाते. आम्ही कारखानदार बांधवांना स्पष्टच सांगू की, हे कायद्यालाही धरून नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत आठवड्याची मजुरी साप्ताहिक सुटीच्या आधीच्या कामाच्या दिवशी द्यायची आहे. मालेगावात शुक्रवारी माग बंद, म्हणजे गुरुवारी मजुरी हातात पडली पाहिजे. दुसरे असे की, नगावर काम करणाऱ्याला तासाच्या किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाही. ही तरतूद 1948 च्या जुन्या कायद्यातही होती. आपल्याकडे "मीटरवर काम आहे, किमान वेतनाचा संबंध नाही" असे सर्रास सांगितले जाते, ते खरे नाही. मजुरी वेळेवर देण्याबद्दल दीनची शिकवण काय आहे, ते वाचकांना सांगायची गरज नाही.

कारखानदारानेही आपला हक्क सोडू नये. 2006 च्या सूक्ष्म व लघु उद्योग कायद्याप्रमाणे लेखी करार नसेल तर खरेदीदाराने 15 दिवसांत आणि करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे दिले पाहिजेत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. 1 एप्रिल 2024 पासून प्राप्तिकर कायद्यातही याला जोड मिळाली: मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच दाखवता येते. मार्च महिन्यात उधारी वसूल करताना हा मुद्दा व्यापाऱ्याच्या हिशोबनीसापुढे जरूर काढावा. व्यापारी बिथरेल, दुसरीकडे माल घेईन म्हणेल, ही भीती खोटी नाही. एकट्याने बोलण्यापेक्षा गल्लीतल्या दहा कारखानदारांनी मिळून बोलावे.

दुसऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर विणणाऱ्यांसाठी एक खुलासा. वर्षाची अशी एकूण मिळकत 20 लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. व्यापारी "नंबर असल्याशिवाय बीम देणार नाही" म्हणत असेल तर ती त्याची अट आहे, सरकारची नव्हे. मुदतीत पैसे मिळण्याच्या वरील हक्कासाठी मात्र "उद्यम" नोंदणी हवी. ती उत्पादन करणाऱ्या आणि सेवा देणाऱ्या दोघांनाही मिळते, आधार क्रमांकावर होते आणि सरकार तिचे एक पैसाही घेत नाही. या कामाचे पैसे मागणारे एजंट बाजारात फिरत आहेत, त्यांना देऊ नयेत.